बटण फिरवताच बोलणारा रेडिओ

४ फेब्रुवारी

नमस्कार.

वर 'प्रिय' लिहायचं की नाही यात चहा गार झाला, म्हणून तो प्रश्न तसाच सोडते. पत्रास कारण असं की बाबांचा रेडिओ मुका झाला आहे.

नऊ वर्षांनी माझं पत्र म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं वाटून तुम्ही उभ्याउभ्याच पाकीट फोडलं असेल. बसा. कुणी गेलेलं नाही. बाबा चौऱ्याऐंशीचे झाले. गुडघे सोडले तर सगळं शाबूत आहे, विशेषतः माझ्या चुका मोजायची ताकद. मी अजून त्याच प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. खोटे दात खरे वाटावेत म्हणून मला पगार मिळतो. तुमची विद्या त्याच जातीची, पण तुम्ही ती हौस म्हणून केलीत.

तर रेडिओ. गेल्या आठवड्यात सकाळच्या बातम्यांना बाबांनी त्याचा कान पिळला. मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून दिसतात ते काचेचे पाचही व्हॉल्व्ह नेहमीसारखे पेटले, नारिंगी उजेड भिंतीवर पडला, केंद्र लागल्याचं दाखवणारा समोरचा हिरवा डोळाही लागला. आवाज मात्र नाही. बाबांनी पेटीवर एक चापट मारली, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय केलंस?"

"मी स्वयंपाकघरात होते, बाबा."

"जावयाला कळव."

"गावात दुरुस्त करणारे आहेत की."

"या रेडिओला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. लोकांचे व्हॉल्व्हचे रेडिओ आधी तापतात, मग खोकतात, मग कुठे बोलतात. आपला बटण फिरवताच बोलतो. असं काम दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही."

हे वाक्य मी सत्तावीस वर्षं ऐकते आहे. तुम्ही मला मागणी घालायला आलात तेव्हा बाबांनी तुमची नोकरी विचारली नाही, घर विचारलं नाही. अकरा वर्षं बंद पडलेल्या त्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बोलता करा, मग आपण बोलू." आठव्या दिवशी तो बोलला, आणि बोट बटणावरून उचलायच्या आत बोलला. बाबा वजनमापांचे निरीक्षक. किलोमागे वीस ग्रॅम मारणारा दुकानदार त्यांना रस्त्याच्या पलीकडून कळायचा. चाळीस वर्षं त्यांनी कुणावर विश्वास ठेवला नाही, तो सगळा साठवून एकदम तुमच्यावर टाकला. सोबत मीही.

पुढे अठरा वर्षांनी तुम्ही एका बाईंचा फ्रीज दुरुस्त करायला त्यांच्या गावी गेलात, ते अजून परतला नाहीत. बिघाड फारच मोठा असावा. वाटून घ्यायला मूल नव्हतं, म्हणून आपण तुमची खोकी वाटून घेतली: सगळी माझ्याकडे. व्हॉल्व्ह, मीटर, कथिलाची रिळं, अर्धे उघडलेले रेडिओ. त्यांच्यावर मी कपडे वाळत घालते.

माझं मागणं एवढंच. एखाद्या दिवशी मी कामावर असताना या आणि तेवढं करून जा. नाहीतर काय करायचं ते मला लिहून कळवा. बाबांना लिहू नका, मला लिहा. तुमची पत्रं ते बिस्किटांच्या डब्यात ठेवतात आणि तो डबा उशाशी असतो. 'कुठली पत्रं?' असं तुम्ही आता म्हणत असाल. म्हणत राहा.

शेवटी 'लोभ असावा' लिहायची पद्धत आहे. तुमच्याकडे तो कमी कधीच नव्हता, म्हणून वाढवत नाही.


२२ मार्च

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण खिडकीत बसलेल्या माणसाला हे कसं सांगायचं?

"पत्ता बरोबर घातलास ना?"

"बरोबर घातला, बाबा."

"मग पत्रात काहीतरी तिरकस लिहिलं असशील."

तुम्हाला पहिलं पत्र आठवत असेलच.

शेवटी मी कपडे उचलले आणि तुमचं एक खोकं उघडलं. घाबरू नका, बाबांच्या पेटीला हात लावला नाही. तुम्ही लग्नाच्या तिसऱ्या वर्षी उघडलेला एक रेडिओ होता, 'रविवारी बंद करतो' म्हणाला होतात तो. त्यानंतर साधारण साडेबाराशे रविवार गेले असतील, माझ्या मोजण्यात थोडीफार चूक धरा. तो घेऊन मी तुमच्या त्या जुन्या रेडिओंच्या मंडळात गेले. सायकलच्या दुकानावरची खोली, अकरा म्हातारे, प्रत्येकापुढे आपापली पेटी आणि सगळ्यांत मिळून तीन चांगले कान. भिंतीवर तुमचा फोटो आहे. बाबांच्या रेडिओवर हात ठेवून उभे आहात. खाली लिहिलंय 'उस्ताद'. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि पहिले तीन रविवार शिकवलं काहीच नाही.

शिकवलं ते खरखरकाकांनी. तुम्हाला आठवत असतील: बंद पडलेल्या सिनेमाघराचे जुने ऑपरेटर, बोलायच्या आधी घसा असा खाकरतात की सगळे आपापले रेडिओ तपासतात. त्यांनी आधी माझे हात पाहिले.

"काय करता?"

"कवळ्या."

"मग हात ठीक आहेत. त्यातला एक खिशात घाला."

"का?"

"पेटी चालू असताना एकाच हाताने काम करायचं. दोन्ही हात आत गेले की वीज या हातातून त्या हातात जाते, आणि वाटेत काळीज लागतं."

माझ्या कामाच्या झग्याला खिसा नव्हता. दुसऱ्या दिवशी शिवून घेतला. तरी एकदा चूक केलीच. रेडिओ बंद करून, वायर काढून निवांत हात घातला आणि खांद्यापर्यंत असा झटका बसला की दातांत कळ गेली. काका म्हणाले, "अहो ताई, बंद केलं म्हणजे विझलं असं नसतं. कंडेन्सरमध्ये वीज दडून बसते. ती आधी उतरवून घ्यायची." हे मला नऊ वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

पाचव्या आठवड्यात तुमचा तो रेडिओ लागला. आधी काहीच नाही. मी म्हणाले, गेला. काका म्हणाले, "थांबा. व्हॉल्व्ह म्हणजे आमच्यासारखे. जागे झाले तरी उठून बसायला वेळ लागतो." अर्धं मिनिट गेलं, आतून घूंऽऽ असा आवाज आला आणि एक बाई हवामान सांगू लागली. मला पाऊस आहे की ऊन काही कळलं नाही. मी केलेल्या कथिलाच्या डाखांमधून ती बाई बोलत होती, एवढंच कळलं. तुम्ही तासन्‌तास त्या खोलीत का बसायचात, ते त्या दिवशी थोडं समजलं. थोडंच. फुगू नका.

मग मी सहज म्हणाले, "आमच्या घरचा मात्र लगेच बोलतो. यांनी दुरुस्त केलेला."

काकांचा कप तोंडापाशी थांबला.

"किती लगेच?"

"बोट बटणावरून उचलायच्या आत."

त्यांनी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला. खाकरले नाहीत.

"ताई, घरी जा. मागचा पुठ्ठा काढा. आणि आत काय दिसलं ते मला सांगू नका."

मी अजून पुठ्ठा काढलेला नाही. दहा दिवस थांबते. तेवढ्यात तुम्हाला काही सांगावंसं वाटलं, तर पोस्ट अजून चालू आहे.


१ एप्रिल

तारीख मी निवडलेली नाही. दहा दिवस आजच संपले.

पाच स्क्रू. पुठ्ठा काढला. पाचही व्हॉल्व्ह जागेवर, पेटलेले, हात न लावताही ऊब लागत होती. फक्त त्यांच्यापासून कुठेच काही जात नव्हतं. मोठा ट्रान्सफॉर्मर जळून काळा झालेला, तसाच ठेवलेला. त्याच्या आडोशाला काडेपेटीएवढा दुसरा, पाच जणांना नुसतं पेटतं ठेवण्यापुरता. बाकीच्या तारा कापून, टोकं नीट दुमडून ठेवलेली. सत्तावीस वर्षं पाच जण आपापल्या खुर्चीत बसून तापत होते आणि काम शून्य. अशी कार्यालयं मी पाहिली आहेत, पण त्यांच्यावर इतकी पॉलिश नसते.

आणि स्पीकरच्या मागे, लाकडाच्या रंगाच्या कागदाखाली, खिशात मावणाऱ्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या आतली पट्टी. डिंकाने चिकटवलेली. केंद्र दाखवणाऱ्या काट्याची दोरी तिच्या चिमुकल्या चाकाला बांधलेली. हिरव्या डोळ्याच्या जागी हिरवा कागद लावलेला बल्ब. बिघाड काय होता म्हणाल, तर त्या पट्टीची स्पीकरकडे जाणारी एक तार सुटली होती. एक डाख. दोन मिनिटांचं काम.

खरा व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवताच बोलूच शकत नाही. बाबांनी ज्याची सत्तावीस वर्षं फुशारकी मारली, चोरीचा तोच तेवढा पुरावा होता, आणि तो त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून बोलावून ऐकवला. खोटे तराजू पकडणाऱ्या माणसाने.

मी मोठ्याने हसले. बाबा आतून म्हणाले, "काय झालं?"

"उंदीर सापडला, बाबा."

"जिवंत आहे?"

"नाही. फार जुना दिसतो."

तार जोडलेली नाही. बाबांना सांगितलं, भाग मागवलाय.

आता माझं पान उघडते, कारण पुढचं मागणं त्याशिवाय समजणार नाही. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या महिन्यात बाबांच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून घरी आले आणि जेवेनात. "जावयाने एक ओळ लिहिली नाही. तुझ्या जिभेने घालवलंस तू त्याला." रोज हेच, ताट समोर आणि हात मांडीवर. तिसऱ्या आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत, कवळ्यांच्या साच्यांशेजारी बसून ती ओळ लिहिली. 'ती. बाबांच्या चरणी नमस्कार.' खाली तुमचं नाव. माझ्यासोबत काम करणाऱ्या बाईंचा भाऊ तुमच्या गावी असतो, त्याने ती तिथल्या टपालपेटीत टाकली, कारण बाबा शिक्का बघणारच. बाबा त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

तेव्हापासून त्यांच्या दर वाढदिवसाला एक. नऊ झाली. अठरा वर्षांत तुम्ही त्यांना एक चिठ्ठी लिहिली नव्हती, त्यामुळे तुमचं अक्षर कसं आहे हे ठरवणं माझ्या हातात होतं. छान वळणदार दिलं, वर ठळक रेघ. जमेल तेवढा स्वभावही दिला. त्या पत्रांत तुम्ही फार बरे आहात हो. गुडघ्यांची चौकशी करता. एकदा तर 'तिला जपा' असंही लिहिलंत. लिहिताना मला लाज वाटली. बाबांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. "बघ. अजून विचारतो तुला. आणि तू!"

म्हणजे एका पेटीत दुसराच आवाज तुम्ही बसवलात, तसा मीही बसवला. आता ओरडायचा अधिकार मला किती उरला, याचा विचार मी करत नाही. तुम्हीही करू नका.

मागणं असं: बाबांना एक खरं पत्र लिहा. रेडिओत काय केलंत ते, आणि घर सोडून गेलात ते आपल्या पायांनी, माझ्या जिभेने नव्हे. दोन वाक्यं पुरतील. तुमच्या नावाने मी हेही लिहू शकते, सराव आहे. पण मला ते एकदा खरं हवं आहे. मरायच्या आधी त्यांनी एकदा म्हणावं, की तुझं चुकलं नव्हतं. बाकी तुमच्याकडून मला काही नको.

महिन्याभरात पत्र आलं नाही, तर ही पेटी पुठ्ठ्याशिवाय मंडळात नेऊन तुमच्या फोटोखाली ठेवीन. विनवणीने तुम्ही हलणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून धमकी.


९ मे

धमकी लागू पडली. पत्र आलं. बाबांच्याच नावावर, पोस्टमनने त्यांच्याच हातात दिलं. मी कणीक मळत होते.

"आलं गं! वाढदिवसाला अजून तीन महिने आहेत, तरी आलं."

मी हात न धुताच बाहेर गेले. बाबा भिंगातून वाचत होते. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. चेहरा काही हलला नाही. तपासणीला निघायचे तेव्हा असाच असायचा. मग म्हणाले, "डबा आण."

नऊ पत्रं टेबलावर ओळीने मांडली. दहावं समोर ठेवलं.

"हे कुणी लिहिलं?"

"खाली नाव आहे की, बाबा."

"नाव कुणीही लिहील. अक्षर बघ. हे बघ आणि हे बघ. याला वर रेघ तरी आहे का? कोंबडीने उकरल्यासारखं."

"हात थकला असेल त्यांचा."

"हात थकला, भाषा पण थकली? नऊ पत्रांत त्याने आधी माझी चौकशी केली, मग तुझी, स्वतःबद्दल अवाक्षर नाही. आणि यात मी, मला, माझं, माझ्या मनाची अवस्था! हा तो नव्हे."

काय सांगू तुम्हाला. तुमचा इतका अचूक निवाडा अठरा वर्षांत कुणी केला नव्हता.

"खोट्या वजनांवरचे खोटे शिक्के ओळखण्यात माझा जन्म गेला," ते म्हणाले. "मला शिकवतेस?" मग भिंग खाली ठेवलं, आणि आवाज एकदम उतरला. "अगं, गेला तो गेला. पण त्याच्या नावावर असलं काही लिहायचं? त्याने तो रेडिओ बोलता केला म्हणून त्याच्यावर इतका राग?"

हे एक पत्र खरं आहे, हे सिद्ध करायला मला समोरची नऊ खोटी ठरवावी लागली असती. ती तिथेच पडली होती. घड्यांवर झिजलेली, कोपरे मऊ झालेले. एकावर तेलाचा डाग होता, त्यात तुम्ही गुडघ्यांसाठी सुचवलेल्याच तेलाचा.

मी म्हणाले, "हो बाबा. मीच लिहिलं."

त्यांनी पत्राचे चार तुकडे केले आणि माझ्या पिठाच्या हातावर ठेवले. "टाक." बाकीची नऊ मोजून डब्यात गेली.

मी टाकलं नाही. ओट्यावर जुळवून वाचलं. तर आठ दिवस दुरुस्ती चाललीच नव्हती, पेटी पहिल्याच दिवशी जळली होती. तुम्ही लिहिता: 'तुमची मुलगी चहा ठेवायला आत गेली होती. ती परत येईपर्यंत रेडिओ वाजता असावा असं मला वाटलं.' अकरा वर्षं बंद असलेली पेटी मध्ये बल्ब जोडून, हळूहळू वीज पाजत उठवायची, हे मंडळात सगळ्यात आधी शिकवतात. तुम्हालाही ठाऊक होतं. पण तुम्ही ती सरळ भिंतीत खुपसलीत. धूर खिडकीतून हाकललात. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही मला खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचं नाव विचारलंत. ते मला आठवतंय. मला वाटलं होतं, किती वेगळा मुलगा आहे.

आणि मग ते दुसरं पान. 'शेवटच्या भांडणात ती म्हणाली, बाबांचा रेडिओ सोडला तर तुम्ही जन्मात एक काम पुरं केलं नाहीत. मला वाटलं, तिला कळलंय. त्यानंतर मला त्या घरात बसवेना.'

हे वाक्य मी विसरून गेले होते, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले ते सगळं मला पाठ आहे. आणि त्या सगळ्यात अगदीच अन्याय नको, काहीतरी तुमच्या पदरात असावं, म्हणून मी रेडिओ वगळला होता. अठरा वर्षांत मी केलेलं तुमचं ते एकुलतं एक कौतुक. तुम्ही गेलात ते त्याने. म्हणजे बाबा म्हणतात ते बरोबरच आहे, माझ्या जिभेनेच गेलात. फक्त त्यांना वाटतं त्या वाक्याने नाही.

फ्रीजवाल्या बाईंचा उल्लेख दोन पानांत कुठे दिसला नाही. जागा पुरली नसेल.


३० सप्टेंबर

पेटी दुरुस्त झाली. तुमची नव्हे, खरी.

जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या जागी काकांनी सिनेमाघराच्या जुन्या यंत्रातला काढून दिला. "पडद्यावरच्या रडारडीला पंचवीस वर्षं वीज पुरवलीय याने. तुमच्या बाबांच्या बातम्या सहज झेपतील." कापलेल्या तारा मी एकेक शोधून जोडल्या. कंडेन्सर सगळे नवे घातले, पण जुन्या नळकांड्या पोखरून त्यांच्या आत, म्हणजे पेटी आतून जुनीच दिसावी. मंडळात सगळे तसंच करतात आणि त्याला लबाडी म्हणत नाहीत. मी काकांना विचारलं, का म्हणत नाहीत? म्हणाले, "कारण आतला तोच काम करतो, ताई. नुसता बसत नाही."

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, एक हात खिशात घालून, बल्ब मध्ये जोडून पेटी लावली. बल्ब भक्कन पेटला आणि हळूहळू मंद झाला, म्हणजे सगळं ठीक. अर्धं मिनिट अकरा म्हातारे श्वास धरून. मग हिरवा डोळा उमलला, खरा, काटा केंद्रावर आला तसा मिटत गेला. आणि आवाज आला. तुमच्या पट्टीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, हे हा ऐकेपर्यंत मला कळलंच नव्हतं. हा आवाज खोलीत येऊन बसला.

काकांनी बाजूला बोलावलं. "फोटो काढू का भिंतीवरून?"

"राहू दे. मागे डाग दिसेल."

पेटी घरी आणली. बाबांनी बटण फिरवलं. शांतता. तीन सेकंद, चार सेकंद.

"बिघडवलास."

"थांबा बाबा, तापू दे जरा."

"त्याला कधी तापावं लागलं नाही!" खटकन बंद. पुन्हा लावला, पुन्हा चार सेकंद, पुन्हा खटकन. आठ दिवस हेच. ज्या आवाजासाठी मी चार महिने घासले, तो त्यांनी एकदाही येऊ दिला नाही. मी समजावलं, हात धरला, ओरडले. एकदा बटणावर हात ठेवून उभी राहिले, तर त्यांनी वायर ओढली. "जावयाने केला होता तेव्हा असं नव्हतं."

तुमची पट्टी खणात होती. दोन मिनिटांचं काम होतं. कथीलसुद्धा तापवलं होतं, तुमच्यापासून काय लपवू.

मग वाढदिवस आला. तुमचं दहावं पत्र, बाबांच्या दृष्टीने. त्यात तुम्ही लिहिलंत: 'रेडिओचं आता वय झालं आहे. बोलायच्या आधी त्याला अर्धं मिनिट लागेल. तेवढं थांबावं, घाई करू नये.' त्याखाली 'तो हिने दुरुस्त केला आहे' असंही एक वाक्य घातलं होतं. तुमच्या त्या सुंदर अक्षरात ते वाचून पाहिलं आणि एकदम खोटं वाटलं. तुम्ही असं कधीच म्हणाला नसतात. बाबांनी लगेच ओळखलं असतं. कागद बदलला.

पत्र वाचून झाल्यावर बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून पेटीवर ठेवलं. बटण फिरवलं आणि मांडीवर हात ठेवून बसले. दहा. वीस. मला म्हणाले, "बोलू नकोस." मी बोलत नव्हते. अठ्ठावीसला घूंऽऽ झालं, तिसाला बातम्या.

शेवटची बातमी होईपर्यंत ते हलले नाहीत. मग चष्मा पुसला.

"आवाज बघ केवढा भरदार झालाय. तिथे बसून त्याला कळलं काय करायचं ते. तू उगाच चार महिने खुडबुड करत होतीस."

"हो बाबा," मी म्हणाले.

आता रोज सकाळी असंच. बटण, घड्याळ, अर्धं मिनिट. तेवढा वेळ आम्ही दोघं त्या पेटीसमोर गप्प बसतो. या घरात आम्ही न भांडता इतका वेळ एकत्र कधी बसलो नव्हतो. शेजारचे आले की बाबा बोट वर करून त्यांनाही थांबवतात आणि सांगतात, जावयाने कळवलंय.

सोबतच्या पुडीत तुमची पट्टी आहे. सुटलेली तार मी जोडली आहे, वाजवून पाहिली आहे. तिकडे फ्रीजवर ठेवा. बटण फिरवताच बोलते.

या पत्राला उत्तर नको. बाबांना तर मुळीच लिहू नका. तुमचं अक्षर या घरात कुणी खरं मानत नाही.